व्हेटरनरी फॉरेन्सिक करायचंय? मग आधी पॅथॉलॉजी कर

पत्र मराठवाड्यातल्या एका मुलीचं आहे. बी.व्ही.एस्सी., म्हणजे पशुवैद्यकाची पदवी, झालीय, इंटर्नशिप नुकतीच संपलीय. पत्र लांबलचक आहे म्हणून थोडक्यात सांगते. इंटर्नशिपला असताना तालुक्याच्या गावी एका रात्रीत सात-आठ कुत्री मेली, कुणीतरी विष घातलं हे अख्ख्या गावाला माहीत, पोलिसांनी पंचनामा केला, पीएम म्हणजे पोस्टमॉर्टेम झालं, लिव्हर-किडनीचे तुकडे एकाच बरणीत फॉर्मलिनमध्ये टाकून लॅबला पाठवले आणि काही महिन्यांनी सीए रिपोर्ट, म्हणजे रासायनिक तपासणीचा अहवाल, आला, विष आढळलं नाही. केस तिथंच संपली. तेव्हापासून हिच्या डोक्यात व्हेटरनरी फॉरेन्सिक, म्हणजे प्राण्यांवरच्या गुन्ह्यांचा वैज्ञानिक तपास, घुसलंय. तिला अमेरिकेतल्या युनिव्हर्सिटी ऑफ फ्लोरिडाची ऑनलाइन मास्टर्स करायचीय, वडील म्हणतात एमपीएससी दे आणि पशुधन विकास अधिकारी हो, भाऊ म्हणतो एज्युकेशन लोन काढू. ती विचारते, ही डिग्री घेऊ का, भारतात याला नोकरी आहे का, कोर्टात उभं राहायची भीती वाटते त्याचं काय करू, आणि लगेच सुरू करता येईल असं काय आहे.

अगं, आधी त्या फॉर्मलिनच्या बरणीबद्दल बोलू, मग डिग्रीबद्दल. फॉर्मलिन हे हिस्टोपॅथसाठी, म्हणजे टिश्यू फिक्स करून स्लाइड बघायची असेल तेव्हासाठी. विष शोधायला जो व्हिसेरा, म्हणजे आतल्या अवयवांचे नमुने, जातो तो फॉर्मलिनमध्ये कधीच घालायचा नाही, कारण फॉर्मलिन टिश्यूला पक्कं करून टाकतं आणि त्यातलं विष बाहेर काढणं लॅबला अवघड होऊन बसतं, डीएनएचंही तेच, फॉर्मलिनमध्ये राहिलेल्या टिश्यूतून चांगला डीएनए मिळणं मुश्किल. व्हिसेरा मिठाच्या सॅच्युरेटेड पाण्यात जातो, नाहीतर नुसता बर्फात, प्रत्येक अवयव वेगळ्या बरणीत, बरणी काठोकाठ भरायची नाही, आणि ज्या मिठाच्या पाण्यात घातलं त्याचाही थोडा नमुना वेगळा द्यायचा म्हणजे उद्या कुणी म्हणू नये की विष त्या पाण्यातच होतं. आणि कुत्र्याच्या विषबाधेत सगळ्यात महत्त्वाचं असतं ते पोट आणि पोटातलं सगळं खाणं, ते तुझ्या पत्रात कुठंच नाही, म्हणजे बहुतेक घेतलंच गेलं नाही. झिंक फॉस्फाईड असेल, म्हणजे आपलं उंदराचं औषध, तर पोटातल्या ॲसिडशी गाठ पडली की त्याचा फॉस्फिन गॅस होतो, बरणीचं झाकण नीट बसलं नसेल, नमुना गार ठेवला नसेल तर लॅबपर्यंत पोचेतो पुरावा हवेत उडून गेलेला असतो. त्यामुळे 'विष आढळलं नाही' याचा अर्थ विष नव्हतं असा होत नाही, पण तपास अधिकाऱ्यानं आणि कोर्टानं तोच अर्थ घेतला आणि त्यांना दोष तरी कसा देणार, कागदावर तेच लिहिलेलं होतं.

हे एवढं सविस्तर सांगितलं कारण यातलं काहीही शिकायला फ्लोरिडाला जावं लागत नाही. हे आपल्याच बी.व्ही.एस्सी.च्या सिलॅबसमध्ये आहे, ज्युरिसप्रुडन्समध्ये, म्हणजे कायद्याच्या विषयात, व्हेटरोलीगलच्या, म्हणजे जनावरांच्या पोलीस-कोर्टाच्या केसेसच्या चॅप्टरमध्ये. फक्त तो चॅप्टर परीक्षेपुरता वाचला जातो आणि पीएमच्या टेबलावर कुणी हातात हात धरून शिकवत नाही. तुझं खरं दुखणं ते आहे असं मला वाटतं, आणि त्याच्यावर औषध म्हणून तू डायरेक्ट फॉरेन्सिकची मास्टर्स शोधतेयस.

आता डिग्रीबद्दल. फ्लोरिडाचा प्रोग्राम चांगला आहे, त्यात शंका नको. गेन्सव्हिलला तो एएसपीसीएच्या साथीनं उभा राहिला, एएसपीसीए म्हणजे १८६६ पासून न्यूयॉर्कमध्ये प्राण्यांवरच्या क्रौर्याविरुद्ध काम करणारी संस्था. या विषयाला तिकडं वेगळी ओळख मिळाली ती मुख्यतः २००७ च्या मायकल व्हिक प्रकरणानं, अमेरिकन फुटबॉलचा मोठा खेळाडू, व्हर्जिनियात त्याच्या जागेत कुत्र्यांच्या झुंजी चालायच्या, तिथं पुरलेली कुत्री उकरून काढली, त्यांची हाडं तपासली, मेलिंडा मर्क नावाच्या व्हेटनं त्यात काम केलं, आणि त्या खेळाडूला २३ महिन्यांची शिक्षा झाली. पुढच्याच वर्षी, २००८ ला, इंटरनॅशनल व्हेटरनरी फॉरेन्सिक सायन्सेस असोसिएशन स्थापन झाली. म्हणजे हे क्षेत्र वेगळं म्हणून तरुणच आहे, तुझ्यापेक्षा थोडंसं लहानच. क्राइम सीन कसा हाताळायचा, फॉरेन्सिक एन्टमॉलॉजी म्हणजे मढ्यावरच्या किड्यांचा अभ्यास, हाडांचा अभ्यास, टॉक्सिकॉलॉजी म्हणजे विषांचा अभ्यास, कायदा, असं सगळं त्यात शिकवतात, आणि शिकवणारे प्रत्यक्ष केसेसमध्ये काम केलेले लोक आहेत.

पण तू काय विकत घेतेयस ते नीट बघ. कोर्स ऑनलाइन आहे, त्यामुळे त्यावर स्टुडंट व्हिसा नाही, त्यामुळे शिक्षणानंतर तिकडं काम करायची जी मुदत मिळते तीही नाही. ही मास्टर्स केली म्हणून तुला तिकडं प्रॅक्टिसचं लायसन्स मिळत नाही, आपलं एकही कॉलेज एव्हीएमएच्या, म्हणजे तिकडच्या पशुवैद्यकांच्या संघटनेच्या, मान्यतेच्या यादीत नाही, म्हणजे तिकडं व्हेट म्हणून उभं राहायचं तर परदेशी पदवीधरांसाठीचं ईसीएफव्हीजी नाहीतर पेव्ह, आणि नॅव्हली ही लायसन्सची परीक्षा, हा वेगळा, लांबचा आणि खर्चिक रस्ता आहे. आणि इकडं भारतात सहायक प्राध्यापकाची जाहिरात काढून बघ, त्यात एम.व्ही.एस्सी. आणि त्या-त्या विषयाचं नाव असतं, ऑनलाइन परदेशी मास्टर्स त्याच्या बरोबरीची धरतात का हे परदेशी पदव्यांची बरोबरी ठरवणाऱ्या अधिकृत संस्थेकडून लेखी विचारल्याशिवाय भावाला एक सहीसुद्धा करू देऊ नकोस. फी डॉलरमध्ये, हप्ता रुपयात, आणि पहिल्या नोकरीचा पगारही रुपयातच, हे गणित भावानं प्रेमापोटी केलेलं नाही असं दिसतंय, ते तू कर.

नोकरीचं विचारलंस. सरळ सांगते, महाराष्ट्रात 'व्हेटरनरी फॉरेन्सिक एक्स्पर्ट' नावाची जाहिरात शोधत बसू नकोस. कलिन्याच्या न्यायसहायक प्रयोगशाळेत बऱ्याच जागा केमिस्ट्री, बायोलॉजी, फॉरेन्सिक सायन्सवाल्यांसाठी असतात, व्हेटसाठी नाहीत. काम मात्र भरपूर आहे, ते वेगवेगळ्या नावांखाली विखुरलेलं आहे. हैदराबादला सीसीएमबी या पेशी-जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेची लॅकोन्स नावाची लॅब आहे, तिथं जप्त केलेलं कातडं, मांस, नखं, केस कुठल्या प्राण्याचे ते डीएनएवरून सांगतात, तिथल्याच शास्त्रज्ञांनी असा युनिव्हर्सल प्रायमर, म्हणजे कुठल्याही प्राण्याच्या डीएनएला चालणारा चाचणीचा तुकडा, काढला की नमुना कुठल्या प्राण्याचा असेल याचा अंदाज नसतानाही प्रजाती ओळखता येते. हैदराबादलाच आयसीएआरची, म्हणजे भारतीय कृषी संशोधन परिषदेची, मांस संशोधन संस्था आहे, मांस गायीचं की म्हशीचं की आणखी कशाचं हे तपासण्याचं काम तिथं होतं, आणि आपल्याकडं २०१५ पासून गोवंश हत्याबंदीचा कायदा कडक झाल्यावर या तपासणीवर माणसाचं आयुष्य अवलंबून असतं हे तुला सांगायला नको, चुकीचा रिपोर्ट गेला तर निरपराध माणूस आत जाऊ शकतो. डेहराडूनला वाइल्डलाइफ इन्स्टिट्यूट आहे, नागपूरला गोरेवाड्यात आपल्याच माफसूचं, म्हणजे महाराष्ट्राच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं, वन्यजीव संशोधन केंद्र आहे, व्याघ्र प्रकल्पांत पशुवैद्यकीय अधिकारी असतात. यातल्या प्रत्येक ठिकाणी तुला पाया विचारतात, आणि व्हेटसाठी तो पाया म्हणजे पॅथॉलॉजी (रोगानं किंवा इजेनं शरीरात काय बदल होतात त्याचा अभ्यास), टॉक्सिकॉलॉजी, वन्यजीव आरोग्य, असा एम.व्ही.एस्सी.चा विषय.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: आधी एम.व्ही.एस्सी. पॅथॉलॉजी. माफसूमध्ये कर, नाहीतर आयसीएआरची परीक्षा चांगली गेली तर उत्तर प्रदेशात इज्जतनगरला आयव्हीआरआय या राष्ट्रीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेत कर.

पॅथॉलॉजीच का, टॉक्सिकॉलॉजी का नाही, असं तू विचारशील. टॉक्सिकॉलॉजिस्टला बरणी मिळते. पॅथॉलॉजिस्टसमोर अख्खं जनावर असतं, आणि बरणीत काय जायचं ते तोच ठरवतो. गिधाडांचंच घे. भारतीय उपखंडात गिधाडं झपाट्यानं संपत होती, कुणी म्हणायचं व्हायरस, कुणी म्हणायचं कीटकनाशक, नेहमीची विषं तपासली तर काही सापडेना. लिंडसे ओक्स आणि त्यांच्या टीमनं पाकिस्तानात मेलेल्या गिधाडांची नीट पीएम केली, आतल्या अवयवांवर खडूच्या भुकटीसारखा पांढरा थर दिसत होता, म्हणजे व्हिसेरल गाउट, म्हणजे किडनी गेलेली. मग प्रश्न बदलला, गिधाडाच्या पोटात किडनी मारणारं असं काय जातंय, आणि ते जनावरांच्या मढ्यातूनच येणार, म्हणून जनावरांना कुठली औषधं देतात ते बघितलं आणि डायक्लोफिनॅक सापडलं. २००४ ला हे छापून आलं, २००६ ला भारतानं जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी घातली. लॅबला काय शोधायचं ते माहीत नव्हतं तोवर लॅबला काही सापडलं नाही, किडनी बघणाऱ्या माणसानं सांगितल्यावर सापडलं. तुझ्या कुत्र्यांच्या केसमध्येही लॅबला तू काय लिहून पाठवतेस, लाळ गळत होती का, झटके येत होते का, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होत्या का, पोट उघडल्यावर कसला वास आला, थिमेट या कीटकनाशकाचे दाणे दिसले का, यावर लॅब कुठली टेस्ट लावणार ते ठरतं. फॉरवर्डिंग लेटरमध्ये नुसतं 'विष असल्यास कळवावे' लिहिलं की उत्तरही तसंच येतं.

दुसरी गोष्ट जखमांची. फॉरेन्सिकमधला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे ही जखम जिवंतपणी झाली की मेल्यावर. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये यवतमाळमध्ये टी-१ म्हणजे अवनी वाघिणीला गोळी घातली तेव्हा राज्यभर वाद झाला तो याच प्रश्नावर, बेशुद्धीचा डार्ट आधी मारला होता की नंतर टोचला, आणि गोळी लागली तेव्हा वाघीण समोरून येत होती की पाठ फिरवलेली होती. राजकारणी, वनखातं, प्राणिप्रेमी सगळे बोलत होते पण उत्तर द्यायची ताकद फक्त पीएमच्या टेबलावर होती. जिवंत टिश्यूला इजा झाली की तिथं रक्त साकळतं, काही तासांत न्यूट्रोफिल्स म्हणजे पांढऱ्या रक्तपेशी जमा व्हायला लागतात, दोन-तीन दिवसांनी हिमोसिडरिन म्हणजे मोडलेल्या रक्ताचा तपकिरी रंग दिसायला लागतो, मेलेल्या टिश्यूत यातलं काही होत नाही. हे स्लाइडवर ओळखायला डोळा तयार व्हावा लागतो आणि तो शेकडो स्लाइड बघूनच होतो, रेकॉर्डेड लेक्चर ऐकून होत नाही.

आणि स्लाइडच्या आधी सुरी. मारहाण झालेलं कुत्रं टेबलावर आलं की वरून काही दिसत नाही, केस असतात, कातडी काळी असते, माणसासारखा निळा वळ दिसत नाही. म्हणून आधी पूर्ण अंगाचा एक्सरे, त्यात छर्रे दिसतात आणि जुन्या मोडून जुळलेल्या फासळ्याही दिसतात, एक फासळी ताजी मोडलेली आणि शेजारची दोन जुनी जुळलेली असेल तर 'काल गाडीखाली आलं' ही मालकाची गोष्ट टिकत नाही. मग नेहमीचा मधला एकच छेद देऊन थांबायचं नाही, सगळी कातडी सोलायची, पाठीपासून पायापर्यंत, आणि आतल्या बाजूनं बघायचं, तिथं काठीचे दोन समांतर लाल पट्टे जसेच्या तसे उमटलेले असतात. मी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा ज्या सरांच्या हाताखाली होते त्यांनी कातडी उलटी पसरून फूटपट्टी ठेवून फोटो घ्यायला लावला होता आणि तोवर कुणालाच टेबल धुवू दिलं नव्हतं. ती शिस्त माझ्या हातात अजून आहे. तू जिथं एम.व्ही.एस्सी.ला जाशील तिथं गाइड निवडताना पेपर किती छापलेत ते नंतर बघ, आधी बघ की स्वतः पीएमला उभे राहतात का.

विदर्भात जायला मिळालं तर जा. तिथं वाघ-बिबट्यांच्या शॉकच्या केसेस येतात, रानडुकरांसाठी शेताच्या कुंपणात वीज सोडलेली असते आणि वाघ अडकतो. पंजावर, ओठावर, कधी मानेवर करंटची खूण शोधायची, मध्ये खोलगट फिकट आणि कडा उचललेली, आजूबाजूचे केस करपलेले, आणि कधीकधी काहीच खूण नसते, विशेषतः ओल्यात, तेव्हा तारेची जागा, पायाचे ठसे, खांब यांचा पुरावाच जास्त बोलतो. एनटीसीएचा, म्हणजे राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाचा, दंडक आहे की वाघाचा प्रत्येक मृत्यू शिकार समजूनच तपासायचा, उलट सिद्ध होईपर्यंत. मला हा दंडक फार योग्य वाटतो आणि कुत्र्या-मांजरांच्या केसेसमध्येही हीच वृत्ती ठेवली पाहिजे असं वाटतं, पण कायदा दोघांना एका मापानं मोजत नाही. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चा, कलम ११ मध्ये पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये, आजही. भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ लावलं तर पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, म्हणून एफआयआर लिहिताना ते कलम आहे का ते बघायचं, नसेल तर पोलिसांना नम्रपणे दाखवायचं. नवीन नागरिक सुरक्षा संहितेत सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिकच्या माणसानं जागेवर जाणं बंधनकारक केलंय. वाघ-बिबट्यासारख्या, वन्यजीव कायद्याच्या अनुसूची एकमधल्या प्राण्यांच्या शिकारीला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे पण कुत्र्याच्या विषबाधेत पाचच, म्हणजे तिथं फॉरेन्सिकची गाडी येणं सक्तीचं नाही. तिथं येणार तो फक्त तालुक्याचा पशुवैद्यक. तोच क्राइम सीनचा माणूस, तोच पीएमचा, तोच नमुने पॅक करणारा.

आणि इथं मला तुझ्या वडिलांची बाजू घ्यायचीय. तू लिहिलंयस की त्यांना तुझं पॅशन कळत नाही. पण अगं महाराष्ट्रातल्या व्हेटरोलीगल केसेस सगळ्यात आधी कुणाच्या टेबलावर येतात? पशुधन विकास अधिकाऱ्याच्या. विम्याच्या क्लेममध्ये कानातला बिल्ला एका म्हशीचा आणि मेलेली म्हैस दुसरीच, ही फॉरेन्सिक केस आहे. शेजाऱ्यानं बैलाला कुऱ्हाड मारली, ही फॉरेन्सिक केस आहे. टेम्पोत कोंबून नेलेल्या गुरांचं पोलीस सर्टिफिकेट मागतात, किती वेळ उभी होती, पाणी मिळालं होतं का, तेही तेच. हे सगळं रोजचं काम म्हणून येतं आणि बहुतेक जण ते ओझं समजून उरकतात. तू समजून केलंस तर पाच वर्षांत तुझ्या जिल्ह्यातले तपास अधिकारी तुझ्या नावानं फोन करतील. तेव्हा एमपीएससीचा फॉर्म भर, त्यात तुझं स्वप्न कुठंही मोडत नाही, एम.व्ही.एस्सी. आणि परीक्षेची तयारी एकत्र करणारी खूप मुलं आहेत. नोकरीत लागल्यावर खात्याची रीतसर परवानगी काढून फ्लोरिडाचं करता येईल, ऑनलाइनचा खरा फायदा तेव्हा आहे, आणि तेव्हाही मी म्हणेन आधी त्यांचं सर्टिफिकेट घे, ते छोटं आहे, पैसे कमी जातात, पूर्ण मास्टर्स हवी की नको ते त्यातून कळेल.

मधे कुणीतरी तुला गोव्याचं सुचवलंय असं लिहिलंयस, फोंड्याला नॅशनल फॉरेन्सिक सायन्सेस युनिव्हर्सिटीचं कॅम्पस आहे तिथं एम.एस्सी. फॉरेन्सिक. चांगली संस्था आहे पण तो रस्ता मुख्यतः माणसांच्या केसेसचा आणि लॅबचा आहे, तुझी साडेपाच वर्षांची व्हेटची डिग्री तिथं अर्धी वाया जाईल. तुला जनावराजवळच राहायचंय असं पत्रातून दिसतं, मग नको.

कोर्टाची भीती. ही भीती सगळ्यांना असते आणि ती वाटावी इतकं ते काम गंभीर आहे. सरकारी फॉरेन्सिक लॅबच्या डायरेक्टरचा रिपोर्ट साक्षीला न बोलावताही वाचता येतो, कायद्यात त्या अधिकाऱ्यांची यादीच आहे, हाफकिनचे डायरेक्टर सुद्धा त्यात आहेत, पण पीएम करणारा तालुक्याचा पशुवैद्यक त्यात नाही, त्यामुळे समन्स तुला येणार हे धरूनच चाल. आणि तिथं बचावाचा वकील तुला पॅथॉलॉजी विचारत नाही गं. तो विचारतो, डॉक्टर, बरणीवर लाखेचं सील कुणाचं होतं, तुम्ही पीएम केलं सकाळी आणि हवालदारानं बरण्या नेल्या तिसऱ्या दिवशी, मधे त्या कुठं होत्या, फ्रिजची किल्ली कुणाकडं होती. हाच कुत्रा फिर्यादीचा हे कशावरून, रंग-लिंग-वय-खुणा तुम्ही लिहिलेल्या दिसत नाहीत. ही जखम पडून होऊ शकते का. होऊ शकत असेल तर हो म्हणायचं, अजिबात लपवायचं नाही, फक्त पुढचं वाक्य तयार पाहिजे, की पडून एका बाजूला होईल, इथं दोन्ही बाजूंना आणि पोटाखाली आहे, रिपोर्टच्या अमुक पानावर फोटो बघावा. हे वाक्य सुचायला हुशारी लागत नाही, पीएमच्या दिवशी दोन्ही बाजू बघून लिहून ठेवलेल्या असाव्या लागतात. केस बोर्डावर येईपर्यंत वर्षं जातात, तुला काहीही आठवत नसतं, फक्त कागद बोलतो. १९९८ चं जोधपूरचं काळवीट प्रकरण बघ, पहिल्या पीएमवर वाद झाला, पुरलेलं उकरून दुसऱ्यांदा पीएम करावं लागलं, डीएनएसाठी नमुने हैदराबादला गेले, आणि खालच्या कोर्टाचा निकाल लागला २०१८ ला. वीस वर्षं. त्या वीस वर्षांत पहिल्या दिवशीच्या कागदाचा प्रत्येक शब्द किती जणांनी चाळला असेल विचार कर.

एक विनंती आहे, रिपोर्टमध्ये कुणाची बाजू घेऊ नकोस. तुला त्या कुत्र्यांबद्दल राग आहे, असायलाच हवा, पण 'अत्यंत निर्दयीपणे' असले शब्द रिपोर्टमध्ये आले की वकील पहिला त्यांनाच धरतो आणि तू तज्ज्ञ न राहता पक्षकार होतेस. राग बाहेर बोल, मैत्रिणींशी बोल, मला लिही. तू लिहिलंयस की आठवडाभर झोप लागत नव्हती, त्यात कमजोरी काही नाही, पण या कामात अशी रात्र परत येणार आहे, लहान पिल्लं येतात, लैंगिक अत्याचाराच्या केसेस येतात, ज्या घरात जनावराला मारतात तिथं बायका-मुलांनाही मार बसत असतो हे पुन्हा पुन्हा दिसतं, अमेरिकेत एफबीआय २०१६ पासून प्राण्यांवरच्या क्रौर्याचे गुन्हे वेगळे नोंदवायला लागली त्यामागं हेही एक कारण आहे. बोलायला कुणीतरी हवंच, ते आत्तापासून ठरवून ठेव.

एम.व्ही.एस्सी.चा थिसिस फॉरेन्सिकवर घेता येईल का असंही तू शेवटी विचारलंयस. येईल की, आणि गरज आहे. मेल्यानंतर किती वेळ झाला हे सांगायचे जे ढोबळ आडाखे पुस्तकांत असतात ते बरेचसे थंड देशांतले आहेत, आपल्याकडं मे महिन्यात परभणी-नांदेडला पारा बेचाळीसच्या वर जातो तेव्हा जनावर दुपारपर्यंत फुगतं, आणि उन्हात वाळलेल्या मढ्यावर अळ्या वेगळ्याच वागतात. कुठल्या माशा आधी येतात, क्रायसोमाया या मढ्यावर बसणाऱ्या माशीच्या अळ्या किती तासांत कुठल्या अवस्थेत जातात, पावसाळ्यात काय फरक पडतो, एवढं एका तालुक्यापुरतं जरी कुणी नीट नोंदवलं तरी ते कोर्टात वापरता येईल असं काम होईल. एथिक्स कमिटीची परवानगी लागेल, आणि त्यासाठी जनावर मारायचं नाही, नैसर्गिक मेलेलीच घ्यायची. अळ्या गोळा करताना सगळ्यात मोठ्या आधी घे, त्यातल्या निम्म्या अळ्या गरम पाण्यात मारून अल्कोहोलमध्ये ठेव, निम्म्या जिवंत ठेवून माशी होईपर्यंत वाढव, प्रजाती तेव्हाच पक्की कळते. आणि तिथल्या हवेचं तापमान दर तासाला लिहून ठेव, त्याशिवाय अळीचं वय काढता येत नाही.

तोवर गावातल्या दवाखान्यात पीएमला हात लावायची संधी सोडू नकोस, सर मदतनिसाला पाठवत असतील तर तू त्याच्याबरोबर जा. फूटपट्टी, लेबलं, वेगवेगळ्या बरण्या, खडा मीठ, लाख आणि स्वतःचं सील एका पिशवीत तयार ठेव, मीठ पाण्यात विरघळायचं थांबून तळाला राहीपर्यंत घालायचं म्हणजे सॅच्युरेटेड झालं. फोटो लांबून, मधून, जवळून, प्रत्येकात केस नंबरची चिठ्ठी. आणि फ्लोरिडावाल्यांना एक ईमेल टाक, भारतातल्या व्हेटला सर्टिफिकेट करून मग तेच क्रेडिट मास्टर्समध्ये धरतात का, किती वर्षांत धरतात, एवढंच विचार. उत्तर आलं की भावाला दाखव, आणि एमपीएससीच्या फॉर्मची तारीख वडिलांना विचार, त्यांच्याकडं नक्की असेल.